भूकंपासाठी घराची पूर्वतयारी आणि भूकंपोत्तर सुरक्षितता (महाराष्ट्र)

भूकंपात जीवितहानी व दुखापत कमी व्हावी यासाठी कुटुंबाने आधीपासून केलेली घराची मजबुती, सामानाची मांडणी, आवश्यक साठा व सराव, तसेच धक्का थांबल्यानंतर पाळावयाची दक्षता, यांचा समावेश घरगुती भूकंपसज्जतेत होतो. भूकंपाची तारीख व वेळ आधी सांगण्याची खात्रीची पद्धत आजवर उपलब्ध नाही. भूकंपातील बहुतेक मृत्यू भिंती, छपरे व जड वस्तू अंगावर कोसळल्याने होत असल्यामुळे कोणत्या घराला कोणती तयारी हवी, हा या विषयातील मुख्य प्रश्न ठरतो. प्रचलित सूचनापत्रके बहुधा सिमेंटच्या इमारती गृहीत धरून लिहिलेली असतात. मराठवाड्यातील माळवदाचे (मातीच्या जड सपाट छपराचे) घर, डहाणूकडील कुडाचे किंवा पत्र्याचे घर आणि पुण्या-मुंबईची बहुमजली इमारत यांना तीच सूचना सारखीच लागू पडत नाही.

महाराष्ट्रातील भूकंपाचा धोका फार काळ कोयना परिसरापुरताच मानला गेला. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगर येथे ६ पेक्षा अधिक तीव्रतेचा भूकंप होऊन सुमारे दोनशे माणसे मृत्युमुखी पडली. जलाशयामुळे चालना मिळालेल्या भूकंपांचे हे जगभर अभ्यासले जाणारे उदाहरण आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातील सास्तूर परिसर हादरला. तीव्रता सुमारे ६.२ होती. गणेशविसर्जन आटोपून गावे गाढ झोपली असताना घरे कोसळली आणि शासकीय आकडेवारीनुसार सुमारे आठ हजार लोकांचा बळी गेला. हा प्रदेश तोवर सर्वांत कमी धोक्याच्या विभागात गणला जात असे. २००२ साली भारतीय मानकातील विभागनकाशा सुधारण्यात आला तेव्हा पूर्वीचा पहिला, म्हणजे सर्वांत कमी धोक्याचा, विभाग रद्द झाला आणि किल्लारी परिसर तिसऱ्या विभागात आला. त्या नकाशानुसार मुंबई व पुणेही तिसऱ्या विभागात आणि कोयना परिसर चौथ्या विभागात मोडतो.

मोठ्या भूकंपाआधी लहान धक्के जाणवतातच असे नाही, आणि लहान धक्क्यांनंतर मोठा भूकंप होतोच असेही नाही. किल्लारी परिसरात ऑगस्ट १९९२ पासून धक्के जाणवत होते व ऑक्टोबरमध्ये ते ठळक झाले होते. कोयनेलाही सप्टेंबर १९६७ मध्ये मोठा धक्का बसून गेला होता. उलट पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी तालुक्यांत नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची दीर्घ मालिका सुरू झाली, लोकांनी हिवाळ्याच्या रात्री तंबूंत काढल्या, परंतु विध्वंसक भूकंप त्यातून उद्भवला नाही. हिंगोली जिल्ह्यातील काही गावांत जमिनीतून येणारे आवाज वर्षानुवर्षे ऐकू येत आहेत आणि २०२४ साली तेथे ४.५ तीव्रतेचे धक्केही नोंदले गेले. अशा धक्क्यांवरून पुढचे भाकीत करता येत नाही. मात्र घरातील लोकांचे लक्ष या विषयाकडे वळलेले असते, त्यामुळे भिंतीची डागडुजी व सामानाची फेरमांडणी करून घेण्यास हा काळ सर्वांत अनुकूल असतो.

दगडमातीचे घर

किल्लारीच्या हानीचे स्वरूप समजून घेतल्याखेरीज मराठवाड्यातील घराची तयारी करता येत नाही. येथील जुन्या घरांच्या भिंती दोन-अडीच फूट, कधी त्याहूनही जाड असतात. बाहेरून व आतून दगडांचे दोन थर रचून मधली पोकळी खडे व मातीने भरलेली असते. जाडीमुळे भिंत भक्कम वाटते, पण दोन्ही थरांना एकमेकांशी जोडणारे आरपार दगड नसल्यास हादऱ्याने थर अलग होतात आणि भिंत दोन्ही बाजूंना फुटून ढासळते. वर लाकडी सऱ्यांवर मातीचे माळवद असते. पावसाळ्यात गळती होऊ नये म्हणून दर काही वर्षांनी मातीचा नवा थर चढवला जातो आणि छपराचे वजन पिढ्यानुपिढ्या वाढत जाते. उन्हाळ्यात गारवा देणाऱ्या याच मातीखाली १९९३ साली असंख्य माणसे गुदमरली. ज्या घरांत छपराचा भार लाकडी खांबांवर होता, त्यांतील काही घरांत भिंती पडूनही सांगाडा उभा राहिला.

यावरूनच अशा घरांच्या मजबुतीचे उपाय ठरले. माळवदावरील जास्तीची माती काढून थर पातळ करणे हा त्यांतील सर्वांत स्वस्त व परिणामकारक उपाय होय. गळती रोखण्यासाठी मातीखाली जाड प्लास्टिकचा कागद अंथरता येतो. खांब व तुळई यांच्या सांध्यांना तिरप्या लाकडी वा लोखंडी पट्ट्यांनी आधार दिल्यास सांगाडा एका बाजूला कलंडत नाही. भिंतीत ठरावीक अंतराने आरपार भोक पाडून त्यात सळई व काँक्रीट भरले, तर दोन्ही थर एकत्र बांधले जातात. नवे घर बांधताना जोते, दारे-खिडक्यांचा वरचा माथा आणि छपर या पातळ्यांवर सर्व भिंतींना वेढणारा सलग काँक्रीटचा पट्टा घालावा, कोपऱ्यांत उभ्या सळया सोडाव्यात आणि खिडक्या कोपऱ्यापासून दूर ठेवाव्यात. जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले आणि इतर गावांतील घरांच्या दुरुस्ती व मजबुतीचे मोठे काम झाले. त्यात गावोगावच्या महिलांनी संवाद सहायक म्हणून कुटुंबांना बांधकामाची माहिती दिली. घराची मजबुती हा केवळ अभियंत्याचा विषय न राहता घरातील बाईच्या अखत्यारीत आला, ही या कार्यक्रमाची विशेष मोलाची बाजू मानावी लागेल.

पत्र्याचे घर आणि सिमेंटची इमारत

पत्र्याचे छप्पर हलके असल्यामुळे ते अंगावर पडले तरी माळवदासारखे घातक ठरत नाही. परंतु वाऱ्याने पत्रे उडू नयेत म्हणून त्यांवर मोठमोठे दगड ठेवण्याची पद्धत महाराष्ट्रभर आहे आणि ते दगड झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर येऊ शकतात. पत्रे आकड्याच्या बोल्टने वाशांना घट्ट बसवावेत व दगड उतरवावेत. हे काम अर्ध्या दिवसाचे असूनही सर्वाधिक दुर्लक्षित आहे.

शहरी इमारतींत रहिवाशांच्या हातात मूळ बांधकाम फारसे नसते, तरी काही गोष्टी गृहनिर्माण संस्थेला करता येतात. तळमजल्यावर केवळ खांब ठेवून वाहनतळ केलेल्या इमारती तेथेच कमकुवत राहतात. २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपात अहमदाबादेतील अशा कित्येक इमारती केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून अधिक अंतरावर असूनही कोसळल्या. अशा संस्थेने संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी. दुकानासाठी किंवा मोठ्या खोलीसाठी भिंत पाडणे, कॉलमला भोक पाडणे, गच्चीवर पाण्याची जादा टाकी चढवणे हे परस्पर होऊ देऊ नये. नवे बांधकाम चालू असेल तर कॉलमच्या सळयांभोवतीच्या रिंगची टोके १३५ अंशांत आत वळवलेली आहेत ना, हे घर घेणाऱ्यालाही डोळ्यांनी पाहता येते. नव्वद अंशांतच सोडलेली रिंग मोठ्या हादऱ्यात उघडते आणि कॉलम फुटतो.

घरातील मांडणी व साठा

इमारत उभी राहिली तरी आतले सामान माणसाला जायबंदी करते. लोखंडी कपाट, फ्रिज, पुस्तकांची मांडणी व स्वयंपाकघरातील भांड्यांची मांडणी भिंतीला पट्टी व स्क्रूने जखडावी. जुन्या घरांतील उतरंड, माळ्यावरील पितळी हंडे, फडताळातील बरण्या यांतील जड वस्तू खालच्या फळीवर आणाव्यात. पलंगाच्या डोक्याशी कपाट, आरसा किंवा जड तसबीर असू नये. किल्लारी व कोयना या दोन्ही ठिकाणी भूकंप पहाटे झाला, म्हणून झोपण्याच्या जागेची तपासणी सर्वांत आधी करणे योग्य. उशाशी बॅटरी आणि चप्पल ठेवावी. अंधारात फुटलेल्या काचांवर पाय पडून होणाऱ्या जखमा सर्वत्र आढळतात.

गॅस सिलिंडर उभे व स्थिर ठेवावे आणि रेग्युलेटर बंद कसा करायचा व विजेचा मेन स्विच कोठे आहे, हे घरातील मुलांनाही ठाऊक असावे. प्रत्येक माणशी रोज सुमारे चार लिटर या हिशेबाने किमान तीन दिवसांचे पाणी, न शिजवता खाता येईल असे अन्न, नेहमीची औषधे, प्रथमोपचाराचे साहित्य, शिट्टी, बॅटरी, चार्ज केलेली पॉवर बँक व थोडी रोकड एका पिशवीत भरून दाराजवळ ठेवावी. आधार कार्ड, शिधापत्रिका, सातबारा, घराचा नमुना आठ, बँकेचे पासबुक व विम्याचे कागद यांच्या प्रती प्लास्टिकच्या पाकिटात ठेवून त्यांची छायाचित्रे परगावच्या नातेवाइकाकडेही पाठवावीत. ताटातूट झाल्यास एकत्र येण्याची मोकळी जागा आणि निरोप ठेवण्यासाठी जिल्ह्याबाहेरील एक फोन क्रमांक आधीच ठरवलेला असावा.

धक्का चालू असताना

सिमेंटच्या इमारतीत जागेवरच खाली बसून, मजबूत टेबलाखाली शिरून, त्याचा पाय धरून ठेवणे आणि टेबल नसेल तर आतल्या भिंतीशी डोके व मान हातांनी झाकून बसणे हाच सर्वमान्य मार्ग आहे. जिन्याकडे वा लिफ्टकडे धावू नये, गच्चीवरून वा सज्जातून उडी मारू नये. पालघरमध्ये फेब्रुवारी २०१९ मध्ये घराबाहेर पळण्याच्या धांदलीत पडून एका लहान मुलीचा मृत्यू झाला, तो घर कोसळून नव्हे. जड छपराच्या एकमजली दगडमातीच्या घरात मात्र टेबल माळवदाचा भार पेलू शकत नाही. दार दोन-चार पावलांवर असेल व बाहेर मोकळे अंगण असेल तर तत्काळ बाहेर पडणे इष्ट ठरते. बाहेरची बोळ दोन्ही बाजूंनी दगडी भिंतींनी वेढलेली असेल, तर तेथे थांबणे घरातल्याइतकेच धोक्याचे असते. दाराच्या चौकटीत उभे राहण्याचा जुना सल्ला आता दिला जात नाही.

धक्का थांबल्यानंतर

पश्चात् धक्के काही मिनिटांत सुरू होतात व आठवडे किंवा महिने टिकू शकतात. पहिल्या धक्क्याने खिळखिळी झालेली भिंत त्यांतील एखाद्या मध्यम धक्क्यानेही पडते. प्रथम स्वतःला व घरच्यांना काय लागले ते पाहावे, चप्पल घालावी, रेग्युलेटर बंद करावा आणि गॅसचा वास येत नसेल तरच मेन स्विच बंद करावा. सिलिंडरमधील घरगुती गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो. वास येत असल्यास विजेचे कोणतेही बटण चालू वा बंद करू नये, देवापुढची समई व काडेपेटी दूर ठेवावी, दारे-खिडक्या उघडून बाहेर पडावे आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे. आपत्कालीन मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि जिल्हा नियंत्रण कक्षासाठी १०७७ हे क्रमांक आहेत. फोनचे जाळे अशा वेळी कोलमडते, म्हणून ख्यालीखुशालीचा निरोप लघुसंदेशाने द्यावा.

ढिगाऱ्याखाली अडकलेल्या व्यक्तीने तोंडावर कापड धरावे, काडी पेटवू नये आणि सतत ओरडण्याऐवजी नळावर वा भिंतीवर ठरावीक अंतराने ठोकावे अथवा शिट्टी वाजवावी. ओरडताना धूळ छातीत जाते आणि शक्ती संपते. पहिल्या तासांत बहुतेकांना बाहेर काढतात ते शेजारीच. ढिगाऱ्यावर गर्दी करू नये, दगड-माती वरून हलक्या हातांनी काढावी आणि मधूनमधून सर्वांनी शांत राहून आवाज ऐकावा. हात वा पाय कित्येक तास तुळईखाली दबून राहिला असेल, तर भार काढताच प्रकृती एकाएकी बिघडू शकते, म्हणून शक्य असल्यास वैद्यकीय मदत पोहोचल्यावरच तो काढावा. गोठ्यातील जनावरांची दावी सोडवताना छपराखाली फार वेळ थांबू नये.

किल्लारीत भूकंपानंतर पावसाने बचावकार्यात अडथळा आणला आणि नंतर अनेक कुटुंबे दीर्घकाळ पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. निवारा पडक्या भिंतींपासून दूर, ओढ्याच्या पात्राबाहेर व विजेच्या तारांपासून लांब उभारावा. विहिरीचे किंवा नळाचे पाणी उकळून अथवा क्लोरीनचे थेंब घालूनच प्यावे. कोकण किनाऱ्यावर हादरा दीर्घकाळ जाणवल्यास किंवा समुद्र अचानक ओसरल्यास उंच जागी जावे. नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरान किनाऱ्यावरील भूकंपाच्या त्सुनामी लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या. ‘आज रात्री अमुक वाजता मोठा धक्का बसणार’ अशा आशयाचे संदेश प्रत्येक भूकंपानंतर फिरतात. ते पुढे पाठवू नयेत; रात्रीच्या अंधारात त्यांच्यामुळे होणारी धावपळ स्वतंत्र अपघात घडवते.

घरात परतण्यापूर्वी भिंतीवरील आडव्या-तिरप्या आरपार भेगा, फुगलेला दगडी थर, कॉलमवर फुटलेले काँक्रीट व उघड्या पडलेल्या सळया, जोत्यापासून सरकलेली भिंत आणि दारांच्या वाकड्या झालेल्या चौकटी पाहाव्यात. यांपैकी काहीही आढळल्यास अभियंत्याने तपासेपर्यंत आत झोपू नये. गिलाव्यातील केसासारख्या बारीक भेगा बहुधा घातक नसतात. ढिगारा हलवण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि तलाठ्याकडून पंचनामा करून त्याची प्रत मागून घ्यावी, कारण मदत व विमा दोन्ही त्यावर अवलंबून असतात. भेगांवर केवळ सिमेंटचा गिलावा फिरवल्यास त्या झाकल्या जातात, भिंतीचे थर मात्र पूर्वीसारखेच सुटे राहतात. म्हणून आरपार जोड, कोपऱ्यांची बांधणी व छपराचा भार कमी करणे ही कामे गिलाव्याच्या आधी उरकावीत.