शुगर असलेल्या मांजराला नवीन काही झालं, तर डोसला हात लावण्याआधी हे वाचा

इन्सुलिन सुरू झाल्यावर पहिले दोन-तीन महिने सगळेच जपून असतात. वेळेवर टोचतात, वहीत लिहितात, शंका आली की फोन करतात. मग हात बसतो, बोका टुणटुणीत दिसायला लागतो आणि एक दिवस काहीतरी वेगळंच सुरू होतं. पाणी परत वाढतं, उलटी होते, लिटर बॉक्समध्ये पुन्हा पुन्हा जाऊन बसतो, नाहीतर खाऊनपिऊन वजन उतरतं. अशा वेळी दवाखान्यात येणारा फोन बहुतेक एकाच वाक्याने सुरू होतो: "डॉक्टर, शुगर वाढलीय वाटतं, मी एक युनिट वाढवलंय."

हे पत्रक त्या "वाढवलंय"साठी आहे. इन्सुलिन कसं भरायचं, मानेच्या कातडीची चिमट कशी धरायची हे तुम्हाला येतं, ते परत सांगत नाही.

आधी दुखणं, मग आकडा

एकदा मांजराला डायबेटिस आहे म्हटलं की घरात जे काही होईल ते शुगरच्या खात्यावर जमा होतं. प्रत्यक्षात पुष्कळदा उलटं असतं. दात किडला, लघवीला जंतुसंसर्ग झाला, स्वादुपिंडाला सूज आली, कुठे दुखायला लागलं, की शरीरात ताणाची संप्रेरकं वाढतात आणि कालपर्यंत नीट लागू पडणारं इन्सुलिन आज पुरत नाही. आकडा वाढतो, पण तो मागाहून. अशा वेळी डोस वाढवला तर मूळ दुखणं तिथेच राहतं. शिवाय ते दुखणं बरं झालं की इन्सुलिन पुन्हा पूर्ण जोराने काम करायला लागतं आणि तेव्हा अंगात वाढवलेला डोस असतो. शुगर धाडकन खाली येते ती अशी.

आमचा वेळ कुठे जातो तेही सांगतो. डोस बदलल्यावर त्याचा खरा परिणाम दिसायला मांजरात काही दिवस जातात. म्हणून आम्हीसुद्धा वाढवायचा झाला तर अर्धा-एक युनिटच वाढवतो आणि पुढे निदान आठवडाभर थांबतो. तुम्ही मंगळवारी एक वाढवला, गुरुवारी अर्धा कमी केला आणि शनिवारी घेऊन आलात, तर समोरचा आकडा दुखण्याचा, मंगळवारचा की गुरुवारचा, हे कोणालाच सांगता येत नाही. मग आधीचा डोस परत लावा, वाट बघा, पुन्हा मोजा. त्यात आठवडा गेला, आणि त्या आठवड्यात त्या मुक्या जनावराने दुखणं अंगावर काढलेलं असतं.

आमच्याकडचा एक केशरी बोका यासाठी सांगण्यासारखा आहे. घरी डोस टप्प्याटप्प्याने वाढत गेला होता, कारण शुगर उतरत नव्हती. "खाण्याला कंटाळलाय" म्हणून ब्रँडही बदलून झाले होते. टेबलावर ठेवून समोर दाणे टाकले तर वास घेतला, एक दाणा उचलला, मान डावीकडे कलती करून चावायला गेला आणि दाणा तोंडातून खाली पडला. ओठ उचलून पाहिला तर खालच्या दाढेपाशी हिरडी लालबुंद, दाताला खळगा पडलेला. मांजरांत दात असा आतून विरघळत जाणं नवीन नाही, आणि ते भयंकर दुखतं. दाढ काढली, सूज ओसरली आणि वाढवलेला डोस आम्हाला पायरीपायरीने उतरवावा लागला. त्या बोक्याला जास्त इन्सुलिन नको होतं, दाढेपासून सुटका हवी होती.

"तुमच्याच मशीनवर ३८० आलं, तरी डोस वाढवत नाही?"

हा प्रश्न आम्हाला रागाने विचारला जातो, म्हणून उत्तर लिहूनच ठेवतो. निरोगी मांजराची रक्तातली साखर १०० मिलीमागे साधारण ७० ते १५० मिलिग्रॅमच्या आसपास असते. त्याच मांजराला पिंजऱ्यात कोंबून, रिक्षातून आणून, भुंकणाऱ्या लॅब्राडॉरशेजारी अर्धा तास बसवलं तर डायबेटिस नसतानाही आकडा ३०० वर जाऊ शकतो. भीतीने साखर चढणं हे मांजरात कुत्र्यापेक्षा कितीतरी जास्त. दवाखान्यातल्या एका आकड्यावर डोस हलवणं म्हणजे मिरवणुकीतल्या माणसाचा बीपी मोजून गोळी ठरवणं.

म्हणून आम्ही दोन गोष्टींवर भर देतो. एक, फ्रुक्टोसामाइनची तपासणी. ती मागच्या एक-दोन आठवड्यांचा सरासरी अंदाज देते आणि रिक्षाच्या धसक्याने बदलत नाही. दुसरी, जिच्यावर आमचा जास्त विश्वास आहे, ती म्हणजे घरी काढलेली शुगर. सकाळच्या डोसपासून दर दोन तासांनी, बारा तास. दिवसात साखर सगळ्यात खाली किती जाते आणि कधी जाते, हे त्यातूनच कळतं.

"मांजर कानाला टोचू देणार नाही" असं सगळेच म्हणतात. बहुतेक मांजरं देतात. कान आधी कोमट करायचा. मोज्यात थोडे तांदूळ घालून मायक्रोवेव्हमध्ये जरासे तापवा, आपल्या मनगटाला लावून पाहा आणि कानाला अर्धा-एक मिनिट धरा. कानाच्या बाहेरच्या कडेला बारीक शीर दिसते. तिच्यावर नाही, तिच्या आणि कडेच्या मधे टोचायचं, मागे कापसाचा बोळा धरून, म्हणजे सुई आपल्या बोटात जात नाही. थेंब आला की पट्टी थेंबाला लावायची, थेंब पट्टीवर पाडायचा नाही. लगेच आवडता खाऊ. माणसांचं ग्लुकोमीटर मांजराची साखर थोडी कमी दाखवतं, हे लक्षात ठेवून एकच मशीन कायम वापरा. आज हे, उद्या शेजारच्या आजोबांचं, असं नको. शिकायला या, शनिवारी दुपारी आम्ही शिकवतो, आमच्या रुग्णांना त्याचे पैसे नाहीत. कानाला हातच लावू न देणारी मांजरं असतात, त्यांच्यासाठी अंगावर चिकटवायचा सेन्सर आहे. तो आम्ही लावून देतो, पण महाग पडतो, म्हणून आधी कान शिका असंच सांगू.

काय दिसलं तर काय

उलटी आणि न खाणं एकत्र आलं, तर त्याला "पोट बिघडलं" म्हणून घरी बसू नका. शुगरच्या मांजरात यामागे स्वादुपिंडाची सूज असू शकते, किंवा कीटोन वाढलेले असू शकतात. कीटोन म्हणजे साखर वापरता न आल्याने शरीर चरबी जाळतं, त्यातून तयार होणारं आम्ल. मांजर मलूल होतं, अंगातलं पाणी कमी होतं, तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येऊ शकतो. लघवीत बुडवून कीटोन बघायच्या पट्ट्या औषधाच्या दुकानात मिळतात, एक डबी घरात असू द्या. पट्टीचा रंग बदलला आणि मांजर खात नसेल, तर रात्र काढू नका. तसंच, अंगाने भरलेलं मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर लिव्हरमध्ये चरबी साठते आणि मग साखर बाजूला राहून लिव्हरच सांभाळावं लागतं. माणसाचा एखादा उपास चालतो, मांजराचा नाही.

खाल्लं नाही तर इन्सुलिन द्यायचं का? पूर्ण डोस आपल्या मनाने टोचू नका, आणि दिवसच्या दिवस बंदही करू नका. साखर मोजा, फोन करा. तुमच्या फाइलमधल्या पिवळ्या कार्डावर "अर्धं खाल्लं तर" आणि "काहीच खाल्लं नाही तर" असे दोन रकाने आहेत, ते तुमच्या मांजरासाठी भरलेले आहेत, शेजारच्यांच्या नव्हे. टोचलं की नाही आठवत नसेल, किंवा अर्धं बाहेर सांडलंसं वाटलं, तर दुसऱ्यांदा टोचायचं नाही. एक डोस चुकला तर फार काही बिघडत नाही, दुप्पट गेला तर जिवावर बेततं.

बोका लिटर बॉक्समध्ये बसून कुंथतोय आणि लघवी थेंबभरही होत नाही, तर हा शुगरचा विषय नाही. मूत्रमार्ग बंद झालेला असू शकतो. फोनसाठीही थांबू नका, उचला आणि या. थोडी थोडी, वासाची किंवा लालसर लघवी असेल तर त्याच दिवशी दाखवा. साखर असलेल्या लघवीत जंतू सहज वाढतात, आणि कल्चर (लघवीतले जंतू वाढवून ते कोणते हे ओळखायची तपासणी) केल्याशिवाय अँटिबायोटिक देणं आम्ही शक्यतो टाळतो. "आधीच्या वेळची गोळी उरलीय" हे ऐकलं की आमच्या पोटात गोळा येतो.

पाणी वाढलंय म्हणताना मोजून सांगा. भांड्यात किती ओतलं, चोवीस तासांनी किती उरलं, एवढंच. किलोमागे दिवसाला १०० मिलीच्या वर गेलं तर ते नक्की जास्त. पण कारण शुगरच असेल असं नाही. वयस्कर मांजरात किडनी आणि थायरॉइड ही दोन नावं पहिल्यांदा तपासायची. थायरॉइड वाढलेलं मांजर भरपूर खातं आणि वाळत जातं, अगदी बिघडलेल्या शुगरसारखं. म्हणून नुसती साखर न बघता आम्ही किडनीसाठी क्रिएटिनिन आणि लघवीची घनता, आणि थायरॉइडसाठी टी-४ सुचवतो. ही बिल वाढवायची यादी नाही, पण पटत नसेल तर विचारा, कोणती तपासणी आज आणि कोणती थांबली तरी चालेल हे सांगू. आणि डोस चढत चढत बराच वर गेला, तरी साखर हलत नाही, उलट मांजराचं वजन वाढतंय, जबडा रुंद दिसतोय, तर मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीची गाठही मनात धरावी लागते.

मागचे पाय घोट्यापर्यंत जमिनीला टेकवून चालणं मात्र खरोखर शुगरचं आहे, नसांवर झालेला परिणाम. साखर आटोक्यात आली की अनेकांत हळूहळू सुधारतं, त्याला महिने लागतात. तोवर पलंगाला एखादी पायरी लावून द्या. लंगडतोय म्हणून माणसांची पॅरासिटामॉल देऊ नका, मांजराला ती विष आहे.

आणखी एक विचारायचं राहतं ते म्हणजे स्टेरॉइड. खाज, दमा, तोंडातले फोड यासाठी दुसरीकडे दाखवलं आणि लांब टिकणारं स्टेरॉइडचं इंजेक्शन झालं, की आठवडेच्या आठवडे शुगर ऐकत नाही. जिथे जाल तिथे दारातच सांगा, "याला डायबेटिस आहे."

कमी झाली तर

नवीन लक्षण म्हणजे साखर वाढलेलीच, हे डोक्यातून काढायचं दुसरं कारण असं की काही मांजरांना इन्सुलिन लागेनासंही होतं, विशेषतः पहिल्या सहा महिन्यांत आणि कमी पिठूळ, ओलं खाणं नीट पाळलं तर. तेव्हा जुनाच डोस जास्त व्हायला लागतो. झोकांड्या जाणं, भान हरपल्यासारखं बघणं, अचानक हावरटपणा, थरथर, फिट ही लक्षणं. काही मांजरं काहीच दाखवत नाहीत. मशीनवर ६० च्या खाली आलं तर आधी खायला द्या, मग फोन. खात नसेल तर हिरड्यांना मध किंवा ग्लुकोज चोळा. फिट चालू असताना तोंडात काही ओतू नका, हिरडीला चोळून तसंच घेऊन निघा.

छोट्या पण महागात पडणाऱ्या गोष्टी

आपल्याकडे मिलीमागे ४० युनिट आणि १०० युनिट, दोन्ही ताकदीचं इन्सुलिन मिळतं आणि सिरींजही दोन. लाल टोपणाची ४० ची, केशरी टोपणाची १०० ची. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरींजने भरलं तर अडीचपट जातं. दुकानदार सवयीने लाल देतो. एकाएकी सुस्ती, झोकांड्या सुरू झाल्या तर सिरींजचं टोपणही बघा. दुकानात धावायला नको म्हणून आम्ही तुमच्या औषधाला जुळणाऱ्या सिरींज काउंटरवर ठेवतो.

दिवाळीत फटाक्यांनी मांजर कपाटावर चढून बसतं, खात नाही, आणि साखर मात्र चढलेली दिसते. तो आकडा भीतीचा असतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री डोस वाढवू नका.

इन्सुलिनऐवजी तोंडाने द्यायच्या औषधांबद्दलही विचारणा होते. अमेरिकेत २०२२ आणि २०२३ साली मांजरांसाठी अशी दोन औषधं मंजूर झाली. पण आधी इन्सुलिनवर असलेल्या मांजरांसाठी ती नाहीत, आणि त्यांच्यावर असताना साखर नॉर्मल दिसत असूनही कीटोन वाढू शकतात. परदेशातून कोणी आणून देतो म्हणाला तर आधी आमच्याशी बोला.

येताना

मांजर, वही आणि इन्सुलिनची बाटली. वहीत तारीख, किती खाल्लं, किती युनिट, साखर, पाणी आणि आठवड्याचं वजन. वजनासाठी सामानाचा टांगता काटा पुरतो. पिंजऱ्यासकट टांगा, रिकामा पिंजरा वजा करा. पाच किलोच्या मांजरात पाव किलोचा फरकसुद्धा आम्हाला खूप काही सांगतो. वही नसेल तर छापील वही काउंटरवर मिळेल. उलटीचा, चालण्याचा, लघवीला बसल्याचा छोटा व्हिडिओ काढून आणा, कारण आमच्या टेबलावर मांजर शहाण्यासारखं बसतं.

व्हॉट्सॲपवर आम्ही आकडे बघतो, "आता या" किंवा "सकाळपर्यंत चालेल" एवढं सांगतो, पण डोस बदलून देत नाही. काहींना हा आडमुठेपणा वाटतो. फोटोतल्या आकड्याला ओठ उचलून दात बघता येत नाहीत, पोट चाचपता येत नाही, म्हणून हा नियम. आपणहून डोस बदलला असेल तर तोही सांगा, कोणी रागावणार नाही. फक्त कधी आणि किती, ते वहीत लिहून आणा.