गोल्डफिशचे 8 सेकंद
"माणसाचं लक्ष आता फक्त 8 सेकंद टिकतं, गोल्डफिशचं 9, म्हणून लिहायचं तर दोन ओळीत लिहा" हा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल, मीपण बरीच वर्षं तो खरा धरून चाललो होतो.

पण हे 8 सेकंद मोजले कसे? कोणाला बसवलं, काय करायला दिलं, घड्याळ कधी थांबवलं? शोधत मागे गेलं की एक जण दुसऱ्याचा हवाला देतो, दुसरा तिसऱ्याचा, आणि मोजमाप कुठेच सापडत नाही. माशाचंही तेच. उलट गोल्डफिशला खाण्यासाठी दांडी ढकलायला शिकवता येतं आणि शिकलेलं बरेच दिवस लक्षात राहतं, बिचारा उगाच बदनाम.

मुळात लक्षाचं एकच ठरलेलं माप नसतंच, ते कामावर ठरतं. बोअर मेसेज आपण 2 सेकंदात सरकवतो, आणि तोच माणूस स्वतःच्या ब्लड रिपोर्टमधली न कळलेली ओळ पाच वेळा वाचतो, मग अर्धा तास शोधत बसतो.

स्वतःवर तपासून बघा. मिनिटाला 200 शब्द धरले तर 8 सेकंदात जेमतेम 27 होतात, म्हणजे वरचा पहिला पॅरा संपतानाच तुम्ही निघून जायला हवं होतं.

आणि अवघड प्रश्न दोन ओळीत कोंबला की आधी त्यातले "पण" आणि "जर" उडतात, खरा मुद्दा बहुतेक वेळा तिथेच असतो. त्यापेक्षा वाचणाऱ्याला आधीच काय माहितीये, तो कशासाठी वाचतोय, हे बघून लांबी ठरवलेली बरी.