संवेग, टक्कर आणि रोधबलाचे कार्य (गणिते सोडविण्याची रीत)

एक वस्तू दुसरीवर आदळते आणि नंतर माती, पाणी किंवा घर्षण यांच्या विरोधामुळे थांबते, अशा प्रकारची गणिते यामिकीत नेहमी येतात. वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे संवेग. गोव्यात माध्यमिक शाळेपासून भौतिकी बहुतांशी इंग्रजीतून शिकविली जात असल्याने मराठी घरांतील मुलांच्याही तोंडी ‘मोमेंटम’ हाच शब्द असतो. शब्द कोणताही वापरला, तरी अडचण एकाच ठिकाणी येते: कोणता नियम केव्हा लावायचा?

टक्कर क्षणार्धात संपते. तेवढ्या वेळात गुरुत्व किंवा जमिनीचा विरोध यांचा आवेग (बल आणि वेळ यांचा गुणाकार) नगण्य असतो, म्हणून दोन्ही वस्तूंचा एकूण संवेग टिकून राहतो. गतिज ऊर्जा (वस्तुमान आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्मी) मात्र उष्णता, आवाज आणि आकारातील बदल यांत खर्च होऊ शकते. टकरीनंतरच्या मंदावण्याच्या टप्प्यात उलट स्थिती असते. तेथे बाह्य बल प्रभावी असल्याने संवेग टिकत नाही आणि कार्य-ऊर्जा प्रमेय, म्हणजे बलांनी केलेले एकूण कार्य गतिज ऊर्जेतील बदलाइतके असते हा नियम, वापरावे लागते.

मऊ गाळात पाइल (पायासाठी जमिनीत ठोकायचा खांब) ठोकण्याचे गणित या दृष्टीने सर्वांत बोधप्रद आहे. समजा, ६०० किग्रॅ.चा हातोडा १.२५ मी. उंचीवरून ४०० किग्रॅ.च्या पाइलवर पडला, दोन्ही एकत्रच खाली गेले आणि पाइल ५ सेंमी. रुतली. गुरुत्व त्वरण १० मी./से.² धरल्यास आदळताना हातोड्याचा वेग ५ मी./से. आणि ऊर्जा ७,५०० जूल होते. संवेग अक्षय्यतेनुसार दोघांचा सामाईक वेग ३ मी./से. आणि ऊर्जा ४,५०० जूल येते. म्हणजे ३,००० जूल टकरीतच गेले. आता रुतताना १,००० किग्रॅ.चे वजन, म्हणजे १०,००० न्यूटन, खालच्या दिशेने कार्य करीतच असते. म्हणून रोधबलातून (गाळाच्या विरोधाच्या बलातून) १०,००० वजा करून उरलेल्या बलाला ०.०५ मी.ने गुणले की ४,५०० जूल आले पाहिजेत, आणि त्यावरून रोधबल १,००,००० न्यूटन निघते. टक्कर वगळून ७,५०० जूल तसेच पुढे नेले, तर उत्तर १,६०,००० येते. वजन विसरले, तर ९०,०००. यांपैकी पहिली चूक अधिक फसवी, कारण ‘ऊर्जा अक्षय्य असते’ हे वाक्य खरे असूनच ती घडते.

माडावरून ओल्या रेतीत पडणाऱ्या नारळाच्या गणितात हा मधला टप्पा लागत नाही. १.५ किग्रॅ.चा नारळ १२ मी. खाली येऊन ८ सेंमी. रुतला, तर पूर्ण १२.०८ मी. अंतरातील गुरुत्वाचे कार्य रोधबलाच्या कार्याइतके धरता येते आणि सरासरी रोधबल २,२६५ न्यूटन येते.

टकरींचे नियम सतराव्या शतकात स्थिरावले. लंडनच्या रॉयल सोसायटीने विचारणा केल्यावर वॉलिस, रेन आणि हायगेन्स यांनी १६६८–६९ मध्ये आपापली उत्तरे पाठविली. पुढे बेंजामिन रॉबिन्स यांनी १७४२ मध्ये टांगलेल्या लाकडी ठोकळ्यात गोळी रुतवून तिचा वेग मोजण्याची पद्धत मांडली. तिच्यातही आधी संवेग आणि मग ऊर्जा हाच क्रम आहे.

स्थितिस्थापक टकरीचा, म्हणजे गतिज ऊर्जाही टिकून राहते अशा टकरीचा, अंदाज कॅरमवर येतो. १५ ग्रॅमचा स्ट्रायकर ५ ग्रॅमच्या स्थिर सोंगटीला समोरासमोर लागला, तर आदर्श स्थितीत सोंगटीचा वेग स्ट्रायकरच्या मूळ वेगाच्या दीडपट आणि स्ट्रायकरचा निम्मा होतो. घर्षणाने थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने, घर्षणांक सारखाच आणि बोर्ड पुरेसा लांब धरल्यास, सोंगटी स्ट्रायकरच्या नऊपट दूर जाते. पावडर टाकल्याने दोन्ही अंतरे वाढतात. हे गुणोत्तर बदलत नाही.

गोव्यातील मालीमच्या जेटीवर लागणाऱ्या ट्रॉलरच्या (मासेमारी बोटीच्या) कडेला जुने टायर टांगलेले असतात. ४० टनांचा ट्रॉलर ०.५ मी./से. वेगाने धक्क्याला लागला, तर ५,००० जूल खर्च व्हावे लागतात. टायर १० सेंमी. दबल्यास सरासरी बल ५०,००० न्यूटन पडते, १ सेंमी.तच थांबावे लागल्यास ते ५,००,००० होते. इंजिन बंद करून पाण्यावर सरकत येणाऱ्या त्याच ट्रॉलरला मात्र स्थिर रोधबलाचे सूत्र नीट लागू पडत नाही, कारण पाण्याचा विरोध वेगाबरोबर घटत जातो. तेथे ऊर्जेला अंतराने भागून मिळते ते त्या अंतरावरील सरासरी रोधबल.