शाळेच्या वेळेपुरता बंद रस्ता: कल्पना कुठली, गोव्यातली गरज कुठली

गोव्यात ‘शाळेच्या वेळेत गाड्या थांबवा’ ही मागणी खाणपट्ट्यातल्या लोकांनी पोटतिडकीने लावून धरली. २०१२ पूर्वीच्या तेजीच्या वर्षांत उसगाव, तिस्क, सावर्डे, कुडचडे या भागांतून खनिजाच्या ट्रकांची रीघ लागलेली असायची. रस्ते अरुंद, कडेला चालायला जागा नाही, गणवेशावर लाल धूळ, आणि ट्रिपांवर कमाई ठरत असल्याने ट्रकवाल्यांना घाई. खाणी बंदच करा असं सगळे म्हणत नव्हते, कारण कित्येक घरांची चूल ट्रकवरच पेटत होती. मुलं शाळेला जायच्या-यायच्या वेळी तरी ट्रक उभे ठेवा, एवढंच आईबापांचं म्हणणं होतं. पुढे खाणी थांबल्या, सुरू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या. लिलावानंतर खनिज वाहतूक परतली, तसा गावातल्या रस्त्यांचा प्रश्नही परतला.

युरोपात हीच गोष्ट शहरांत घडली. नेदरलँड्समध्ये १९७१ या एका वर्षात रस्त्यावरच्या अपघातांत चारशेहून अधिक मुलं दगावली, आणि त्यातून ‘मुलांच्या हत्या थांबवा’ अशा नावाची चळवळ उभी राहिली. हे नाव कठोर आहे, पण त्या आकड्यापुढे मला ते जराही अतिशयोक्त वाटत नाही. शाळेच्या दारातला रस्ता भरण्या-सुटण्याच्या वेळी थोडा वेळ बंद करण्याची पद्धत मात्र इटलीतल्या बोल्झानोची. तिथे ती १९८९ मध्ये सुरू झाली. मग बेल्जियममधल्या गेंट शहराने २०१२ मध्ये ती उचलली, एडिनबरोने २०१५ मध्ये, आणि लंडनमध्ये करोनाकाळात असे रस्ते शेकड्यांनी झाले. तिथे काही ठिकाणी स्वयंसेवक अडथळे लावतात, काही ठिकाणी कॅमेरे नंबरप्लेट टिपतात. रहिवासी, अपंग व्यक्ती, रुग्णवाहिका यांना सूट असते. लंडनच्या महापौरांच्या कार्यालयाने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात, सकाळी मुलांना शाळेत सोडण्याच्या वेळेतलं नायट्रोजन डायऑक्साइड या गाड्यांच्या धुरातल्या वायूचं प्रमाण अशा रस्त्यांवर २३ टक्क्यांपर्यंत घटल्याचं दिसलं.

गोव्यात शाळांच्या फाटकांसमोरची आजची गर्दी मात्र ट्रकांची नाही, ती आपलीच आहे. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव प्राथमिक शाळा काढल्या. मूल वाड्यावरून चालत शाळेत जायचं. आज त्यांतल्या कित्येक मराठी शाळा पटसंख्येअभावी बंद पडल्या आहेत, आणि मुलं म्हापसा, फोंडा, मडगाव, पणजीतल्या शाळांकडे वळली आहेत. २०११ मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान देण्याचा निर्णय झाला, त्यावर भरपूर वाद झाला. पण तो वाद भाषेभोवतीच फिरला. शाळा लांब गेली की मूल कशावर बसून जाणार, हे विचारायचं राहूनच गेलं. कदंबची, म्हणजे सरकारी, बस सगळीकडे वेळेवर पोचत नाही. ‘बालरथ’ या शाळांसाठीच्या बसगाड्यांनी भार बराच हलका केला, तरी स्कूटरवर पुढे-मागे मुलं घेतलेले पालक काही कमी झाले नाहीत. पावसाळ्यात तर ज्यांच्याकडे चारचाकी आहे ते ती काढणारच. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४.५८ लाख होती. नोंदणी झालेल्या वाहनांची संख्या आता त्या आकड्याच्याही पुढे गेली आहे.

यात सर्वांत जास्त सोसतं ते अजूनही चालत येणारं मूल. फाटकासमोर तिरक्या लावलेल्या गाड्यांमधून ते बाहेर पडतं तेव्हा समोरून येणाऱ्या चालकाला ते दिसतच नाही. शिवाय जो पालक ‘रस्त्यावर गाड्या फार म्हणून सोडायला येतो’ असं म्हणतो, त्याची गाडी त्याच गर्दीत भर घालते. त्याची भीती खरी आहे, म्हणून त्याला दोष देऊन भागणार नाही. त्याला गाडी लांब लावून शेवटचा टप्पा मुलाबरोबर चालता येईल, अशी सोय आधी लागेल.

कायद्याने शाळेभोवती रेषा आखल्या नाहीत असं नाही. २००३ च्या कायद्याने शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखूविक्रीला बंदी आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत शंभर मीटरांच्या शांतता क्षेत्राची तरतूद आली. शाळेच्या बसने काय पाळावं, हे दिल्लीत १९९७ मध्ये शाळेची बस यमुनेत कोसळून २८ मुलं गेल्यावर सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने शिक्षा ठरवली. फाटकासमोरच्या गाड्यांसाठी मात्र अशी आखीव रेषा नाही.

तरीही अधिकार आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११५ खाली सार्वजनिक सुरक्षिततेसाठी ठरावीक रस्त्यावर वाहनांना बंदी किंवा मर्यादा घालता येते. गोव्यात पूल, सण आणि रस्त्यांच्या कामांसाठी जिल्हाधिकारी या कलमाचा वापर नेहमी करतात. बंदी एक महिन्यापेक्षा जास्त काळाची नसेल तर राजपत्रात अधिसूचनाही लागत नाही, स्थानिक पातळीवर पुरेशी प्रसिद्धी दिली की झालं. एखाद्या शाळेसमोरचा रस्ता सकाळी अर्धा तास आणि दुपारी अर्धा तास महिनाभर बंद करून पाहायला एवढी तरतूद पुरते.