मागे बँकर लावलेली छोटी मालगाडी

कर्जतला गाडी जरा जास्तच वेळ थांबते, मग मागून हलकासा धक्का बसतो आणि डब्यातलं कोणीतरी सांगतं, "बँकर लागले." बोरघाटाचा चढ ३७ फुटांना एक फूट. तिथं पुढचं इंजिन एकट्यानं पुरं पडत नाही, म्हणून मागून ढकलायला इंजिनं लावावी लागतात. कॅलिफोर्नियातला टेहाचापी घाट चढाला थोडा सौम्य आहे, साधारण ४५ ला एक. पण तिथल्या मालगाड्या लांबलचक असतात. १८७६ साली सदर्न पॅसिफिक कंपनीनं या घाटात रूळ टाकले. विल्यम हूड हे अभियंता होते आणि डोंगर फोडण्याचं बहुतेक काम चिनी मजुरांनी केलं. चढ आटोक्यात ठेवण्यासाठी एका टेकडीभोवती रुळाचा पूर्ण फेरा घातला आहे. त्याची लांबी सुमारे १,१५० मीटर, आणि तेवढ्यात गाडी २३ मीटर वर चढते. गाडी त्याहून लांब असली तर तिचं इंजिन तिच्याच शेपटावरून जाताना दिसतं.

हाच घाट सॅन डिएगोच्या बाल्बोआ पार्कमधल्या मॉडेल रेल्वे संग्रहालयात १:८७ प्रमाणात उभा आहे. ला मेसा क्लबच्या सभासदांनी तो बांधला. १९५०च्या दशकात तिथं मालगाड्या जशा चालत, तशाच त्या चालवायच्या, असा त्यांचा आग्रह असतो. छोट्या गाड्यांच्या हौसेत हा आग्रह कुठून आला, ते पाहण्यासारखं आहे.

सुरुवातीला तो नव्हता. अमेरिकेत १९३४ साली मिलवॉकीहून या हौसेला वाहिलेलं मासिक सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. त्या काळात गाडी रुळावरून न घसरता गोल फिरली तरी माणूस खूश असे. न्यू ऑर्लिन्सच्या फ्रँक एलिसन यांनी १९४४च्या आपल्या लेखमालेत नवा विचार मांडला. रूळ आणि देखावे म्हणजे रंगमंच, गाड्या म्हणजे नट आणि वेळापत्रक म्हणजे कथानक, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे गाडी फिरली एवढ्यानं भागत नाही, तिला जायला काहीतरी कारण हवं. या हौसेतला सगळ्यात मोठा बदल मला हाच वाटतो. पुढची यंत्रं, तारा, चिप्स या सगळ्यांनी त्या विचाराची सोय केली.

डोंगराचं वेड लावलं ते मॉन्टेरीच्या जॉन ॲलन यांनी. त्यांच्या तळघरात जमिनीपासून थेट छतापर्यंत कडे आणि दऱ्या होत्या. मंडळी ठरल्या दिवशी जमायची आणि रेल्वे रीतसर चालवायची. जानेवारी १९७३ मध्ये ॲलन गेले आणि अवघ्या दहा दिवसांत आग लागून ते सगळं जळालं. आज लोक त्यांच्या छायाचित्रांसाठी त्यांना आठवतात. पण १९७२ साली छापून आलेलं त्यांचं शंटिंगचं कोडं बघा: थोडेसे सांधे, आखूड रूळ, आणि वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, कमीत कमी हालचालींत नेमक्या जागी लावायच्या. हा माणूस रेल्वेच्या कामावर किती जीव टाकत होता ते त्यात कळतं.

गाडीला जायला कारण द्यायचं म्हणजे प्रत्येक वाघिणीला पत्ता हवा. १९६१ मध्ये डग स्मिथ यांनी त्यासाठी कार्डांची पद्धत मांडली. प्रत्येक वाघिणीचं एक कार्ड, कार्डाला खिसा, खिशात मालाची चिठ्ठी. पुढं चार पाळ्यांची, म्हणजे एकामागून एक चार पत्ते लिहिलेली, चिठ्ठी रूढ झाली. समजा, पहिल्या पाळीत लिहिलंय : रिकामी वाघीण, टेहाचापीजवळच्या मोनोलिथचा सिमेंट कारखाना. वाघीण पोचली, माल भरला असं धरलं, की चिठ्ठी फिरवायची. आता तीच वाघीण सिमेंट घेऊन लॉस एंजेलिसला निघते. ओहायोच्या ॲलन मॅक्लेलँड यांनी ॲपलाचियन डोंगरातली कोळशाची रेल्वे उभारताना पुढचं पाऊल टाकलं. खोलीत दिसतो तो रेल्वेचा एक तुकडा, बाकीचं जग भिंतीपलीकडं. गाड्या आडोशाच्या यार्डातून येतात आणि तिथंच जातात.

घाटात मात्र कागदावर भागत नाही, वजन आडवं येतं. लहान प्रमाणात लांबी ८७ पट कमी होते, पण वजन ८७ च्या घनानं, म्हणजे साडेसहा लाख पटींहून जास्त कमी व्हायला हवं. त्या हिशेबानं ७० टनांची भरलेली वाघीण १०६ ग्रॅमची होते. राष्ट्रीय संघटनेचा ठोकताळा वेगळाच आहे : एक औंस (सुमारे २८ ग्रॅम), आणि वाघिणीच्या लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. साडेपाच इंची वाघिणीला तोही जवळजवळ तेवढाच भरतो! हलक्या वाघिणी पुढं आणि जड मागं लावल्या, तर घाटातल्या आखूड वळणावर इंजिनाची ओढ त्या हलक्या वाघिणींना आतल्या बाजूला खेचून रुळावरून काढते. खऱ्या घाटातही हेच होतं. म्हणून गाडी लावतानाच विचार करावा लागतो.

बँकरचंही तसंच. वाफेच्या काळात टेहाचापीत ते गाडीच्या मध्ये किंवा गार्डाच्या डब्याच्या पुढं जोडत. मागून रेटलं तर तो हलका डबा चिरडायचा. जुन्या मॉडेलमध्ये रुळांचे विजेचे तुकडे पाडलेले असत आणि एका तुकड्यावरची सगळी इंजिनं एकाच हुकमानं चालत, त्यामुळं बँकरला वेगळा चालक देणं जिकिरीचं होतं. जर्मनीच्या बर्न्ड लेन्झ यांच्या डिजिटल पद्धतीवर आधारलेली मानकं अमेरिकन संघटनेनं १९९०च्या दशकात स्वीकारली आणि ही अडचण सुटली. प्रत्येक इंजिनात आपला डीकोडर, म्हणजे फक्त स्वतःसाठीचा हुकूम ओळखणारी चिप, आणि प्रत्येक चालकाच्या हातात आपला नियंत्रक.

घाटाच्या दोन बाजूंच्या बेकर्सफील्ड आणि मोहावी या गावांमधलं खरं अंतर सुमारे ११० किलोमीटर, १:८७ ला ते सव्वा किलोमीटरहून जास्त भरतं. एवढी जागा कुणाकडं असणार? अंतर आखडावं लागतं, म्हणून घड्याळही पळवतात. चौपट वेगानं चाललं, की सहा तासांत पूर्ण दिवस उरकतो. एकेरी मार्गावर समोरून येणाऱ्या वरच्या दर्जाच्या गाडीसाठी मालगाडीनं वेळेआधी साईडिंगमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, शिरायचं, हा जुना अमेरिकन नियम. त्यात आपल्याकडं एकेरी मार्गावर चालकाला परवाना म्हणून देत तसा टोकनचा गोळा नसे, वेळापत्रक, लेखी आदेश आणि घड्याळ यांवरच भिस्त. ती गाडी गेली, की पुढचा चालक दोन लांब शिट्ट्या देतो, मागचा बँकरवाला तशाच दोन शिट्ट्यांनी उत्तर देतो, आणि कपलिंगांमधली ढील एकेक करून ताणली जात गाडी चढाला लागते.