जुन्या मराठी फाइलीत भलतीच अक्षरं का दिसतात, त्यामागची पार्श्वभूमी

मागच्या महिन्यात आमच्या कोथरूडच्या सोसायटीत डीम्ड कन्व्हेयन्सचं, म्हणजे बिल्डरने करून न दिलेली जमीन सोसायटीच्या नावावर करून घ्यायचं काम निघालं आणि त्यासाठी १९९८ सालच्या सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त हवं होतं. तेव्हाचे सेक्रेटरी काका, त्यांनी ते घरच्या कॉम्प्युटरवर स्वतः टाइप केलेलं आणि नंतर कधीतरी सीडीवर घेऊन ठेवलेलं, आता एवढ्या वर्षांनी सीडी वाचली गेली हेच नशीब. पण फाइल उघडली तर मराठीचा पत्ताच नाही, नुसती रोमन अक्षरं, कुणाच्या डोक्यावर दोन टिंबं, कुणाच्या खाली शेपूट, मधेच पौंडाचं चिन्ह, उलटं प्रश्नचिन्ह. काका म्हणाले, "अरे करप्ट झालीये ती, सोडून दे." म्हटलं काका थांबा, डिलीट नका करू, यातलं एकही अक्षर गेलेलं नाहीये.

खरंच गेलेलं नव्हतं. अशा फाइली पुण्यात घराघरात पडून आहेत, कुणाच्या आजोबांच्या आठवणी, कुणाच्या कविता, कुणाची कुलवृत्तांताची कच्ची प्रत, आणि लोक करप्ट समजून त्या उडवतात याचं फार वाईट वाटतं. म्हणून हे जरा मुळापासून सांगतो.

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, नंबर कळतो. कुठला नंबर म्हणजे कुठलं अक्षर हे अमेरिकेत आधी ठरलं, आस्की नावाने, त्यात १२८ जागा, इंग्रजी अक्षरं आकडे विरामचिन्हं बसली की संपलं. पुढे आठ बिट धरून २५६ जागा झाल्या तरी त्यात देवनागरीला कुणी जागा राखून ठेवलेली नव्हती.

आपल्याकडे यावर मोलाचं काम झालं ते आयआयटी कानपूरला, १९८३ च्या सुमारास, मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. १९८८ मधे पुण्यात सी-डॅक ही कॉम्प्युटरवर संशोधन करणारी सरकारी संस्था स्थापन झाली आणि हे काम विद्यापीठाच्या आवारात आलं. सी-डॅक म्हटलं की पुणेकराला १९९१ चा परम ८००० महासंगणक आठवतो, साहजिक आहे, पण घरातल्या कॉम्प्युटरपुरतं बोलायचं तर माझ्या मते जिस्ट कार्डचं महत्त्व त्याहून जास्त. हे कार्ड पीसीच्या पोटात बसवायचं, मग विंडोजच्या आधीच्या डॉसवर चालणाऱ्या साध्या प्रोग्रॅममधे सुद्धा देवनागरी दिसायची, टाइप करता यायची. त्यामागचा विचार फार सुंदर होता. फाइलीत अक्षराचा आकार ठेवायचाच नाही, फक्त अक्षर ठेवायचं. क, मग हलन्त, मग ष एवढंच साठवायचं, त्याचा क्ष काढून दाखवणं ही स्क्रीनची जबाबदारी. याच विचाराचं इस्की नावाचं कोड १९९१ मधे भारतीय मानक झालं. कीबोर्डही त्याच धाटणीचा, इनस्क्रिप्ट, डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजनं, के दाबला की क आणि शिफ्ट धरून दाबला की ख, आणि भारतातल्या बाकीच्या लिप्यांनाही तीच जागा.

मग घोळ कुठे झाला? विंडोज आलं आणि डीटीपी, म्हणजे छपाईची पानं कॉम्प्युटरवर लावणं आलं तिथे. अप्पा बळवंत चौकापासून नारायण पेठ, शनिवार पेठ, सदाशिव पेठ, या भागात छपाईची कामं पिढ्यान् पिढ्या चालत आलेली, लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, दिवाळी अंक, आणि त्यांना हवा होता पेजमेकर या पानं लावायच्या प्रोग्रॅममधे उमटणारा देखणा टाइप. पेजमेकरला देवनागरी कळत नव्हती, त्याला वाटायचं आपण इंग्रजीच लिहितोय. म्हणून तोडगा निघाला तो फॉन्टमधूनच, की इंग्रजी अक्षराच्या जागेवर काना, वेलांटी, अर्धा त, रफार असे तुकडे चित्र म्हणून बसवायचे. नंबर इंग्रजी अक्षराचा, चित्र मराठी तुकड्याचं. कुठला तुकडा कुठल्या नंबरवर हे ज्याने त्याने आपापलं ठरवलं. पुण्यातल्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीचा क्रम वेगळा, सी-डॅकच्या स्वतःच्या डीव्ही नावाने सुरू होणाऱ्या फॉन्टचा वेगळा, आकृतीचा वेगळा, कृतीदेवचा वेगळा. मी यात कुणाला दोष देणार नाही, कारण तेव्हा काम कागदावर छापून झालं की संपायचं, ती फाइल पंचवीस वर्षांनी दुसऱ्या मशीनवर कुणी उघडेल हे कुणाच्या डोक्यात असणार. पण परिणाम हा झाला की तो फॉन्ट मशीनवर नसला की चित्र जातात आणि खालचे इंग्रजी नंबर उघडे पडतात. काकांच्या फाइलीत दिसलं ते हेच. मराठी वेबसाइट सुद्धा तेव्हा अशाच असायच्या, आधी आमचा फॉन्ट उतरवून घ्या मग वाचा.

आणखी एक गोष्ट, वेलांटीची. टाइपरायटरवर पहिली वेलांटी आधी मारायची आणि मग क, कारण कागद पुढे सरकतो आणि वेलांटी डावीकडे दिसायला हवी. डीटीपीवाले बहुतेक टाइपरायटरवर शिकलेले, त्यामुळे या फॉन्टमधेही 'कि' लिहिताना वेलांटी आधी साठवली जाते, क नंतर. इस्कीत आणि आजच्या युनिकोडमधे, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी ठरलेल्या एकाच नंबरयादीत, मात्र उच्चाराप्रमाणे, क आधी. म्हणून नुसते नंबर बदलून भागत नाही, जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमधे नेणाऱ्या प्रोग्रॅमला, म्हणजे कन्व्हर्टरला, प्रत्येक वेलांटी उचलून पलीकडे न्यावी लागते, आणि रफार असेल तर उलट मागे आणावा लागतो. चुका सगळ्यात जास्त इथेच होतात.

तर अशी फाइल हाती आली की पहिलं काम, तिची कॉपी करून मूळ फाइल बाजूला ठेवा. मग वर्डमधे किंवा लिब्रेऑफिसमधे उघडा, त्या भलत्या अक्षरांवर कर्सर ठेवा आणि वरच्या फॉन्टच्या चौकटीत काय नाव येतंय ते कागदावर लिहून घ्या. श्री-देव आणि पुढे आकडा असेल, डीव्हीबी-टीटी सुरेख किंवा योगेश असेल, ते नाव म्हणजे कुलपाची किल्ली. मजकूर कॉपी करून नोटपॅडमधे किंवा व्हॉट्सॲपवर टाकू नका, तिथे फॉन्टचं नाव गळून पडतं आणि मग कुठला क्रम ते ओळखायला अंदाजच मारत बसावं लागतं. जुना पीसी अजून माळ्यावर असेल आणि चालू होत असेल तर त्याच्या सी ड्राइव्हमधे विंडोजच्या आत फॉन्ट्स नावाचा फोल्डर असतो, तिथे तो फॉन्ट सापडतो, नव्या मशीनवर टाकला की निदान वाचता तरी येतं. कायमचं करायचं असेल तर त्या फॉन्टचा युनिकोड कन्व्हर्टर वापरायचा, पण सह्या, रकमा, पत्ते असलेला मजकूर अनोळखी वेबसाइटवर पेस्ट करू नका, कॉम्प्युटरवर उतरवून इंटरनेट बंद करून चालवता येईल असा कन्व्हर्टर घ्या.

युनिकोडची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१ ची, आणि त्यातली देवनागरी घेतली गेली ती इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरून, म्हणजे कानपूर-पुण्यात झालेला विचारच आज जगातल्या प्रत्येक फोनमधे आहे, मला याचा फार अभिमान वाटतो. पण घरात पोचायला वेळ लागला. विंडोज २००० मधे मंगल फॉन्ट आला, मग एक्सपी. एक्सपीवर मराठी आपोआप नव्हतीच, कंट्रोल पॅनलमधे रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स, तिथे लँग्वेजेसच्या टॅबवर कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या चौकटीत टिक करायची, की मशीन एक्सपीची सीडी मागणार. बऱ्याच घरांत ती सीडी नसायचीच. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला, म्हणजे तेव्हा त्यावर लिहिणाऱ्याला आधी हे सगळं करावं लागायचं. व्हिस्टापासून ती कटकट संपली. आता विंडोजच्या सेटिंगमधे जाऊन मराठी भाषा जोडली आणि विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबला की झालं. इनस्क्रिप्ट जमत नसेल तर २०१९ पासून विंडोज १० मधे फोनेटिकही आहे, म्हणजे रोमन अक्षरांत उच्चाराप्रमाणे टाइप केलं की मराठी उमटतं, पण वेळ असेल तर इनस्क्रिप्टच शिका, एकदा बोटात बसलं की जोडाक्षराला अडायला होत नाही.

युनिकोडमधेही मराठीचं सगळं पहिल्या दिवसापासून नव्हतं. 'ॲप' मधला ॲ हे स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ मधे आलं, त्याआधी लोक अ वर अर्धचंद्र देऊन लिहायचे, अजूनही लिहितात. दिसायला सारखं, नंबर वेगळे, म्हणून जुन्या फाइलीत शोधताना दोन्ही प्रकारे शोधून बघा.

काकांच्या फाइलीत फॉन्टचं नाव डीव्हीबीने सुरू होणारं निघालं. तास-दीड तासात चार पानं मराठीत आली, सूचक-अनुमोदकांसकट, आणि काका खुर्ची ओढून शेजारी बसले, एकेक नाव मोठ्याने वाचायला लागले. एका ठरावात जिन्याच्या पायऱ्यांची दुरुस्ती होती, तिथे कन्व्हर्टरने रफार देऊन 'पायर्या' करून ठेवलं होतं. हा आपला मराठीचा खास र, 'आचार्यास' म्हणजे गुरुजींना आणि 'आचाऱ्यास' म्हणजे स्वयंपाक्याला, फरक केवढा. इनस्क्रिप्टवर शिफ्ट धरून जे, मग डी, मग य साठी तिरप्या रेघेचं बटण, की झाला ऱ्य. काकांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि ती अकराच्या अकरा 'पायर्या' स्वतः दुरुस्त केली.