शुल्क शून्य, तरीही नाका कायम

मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू आणि सेवा कर लागू होताच बंद झाली. त्याआधी आम्हा कोपरीकरांना मुलुंडच्या आनंदनगर नाक्यावरची ट्रकांची रांग इतकी सवयीची होती, की जकात म्हणजे पैसे आणि रांग म्हणजे पैसे भरायला लागणारा वेळ, असेच आम्ही समजत होतो. प्रत्यक्षात त्या रांगेतला बराचसा वेळ कागदांसाठी जात असे: माल कोणता, कुठून आला, कुठे उतरणार आणि त्याला कोणता दर लागणार. हा अनुभव आज आठवण्याचे कारण असे, की २४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यातील व्यापार करारावर सह्या झाल्यापासून ठाण्यातल्या चर्चांमध्ये एक विधान मी वारंवार ऐकतो. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला, तरी संघाशी त्याचा शून्य शुल्काचा करार आहेच, आता आपल्याशीही करार झाला, मग त्याचे नुकसान झाले तरी काय? या प्रश्नात एक मूलभूत गैरसमज आहे, आणि तो दूर केल्याशिवाय ब्रेक्झिटचे, म्हणजे ब्रिटनच्या या बाहेर पडण्याचे, अर्थकारण कळत नाही, राजकारण तर मुळीच कळत नाही.

२३ जून २०१६ रोजी ५१.९ टक्के मतदारांनी बाहेर पडण्याच्या बाजूने कौल दिला, ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन संघातून औपचारिकपणे बाहेर पडला आणि त्या वर्षाअखेर जुनेच नियम चालू ठेवणारा संक्रमणकाळही संपला. आठवडाभर आधी, २४ डिसेंबरला, दोन्ही बाजूंचा करार झाला, ज्यात एकमेकांच्या मालावर शुल्कही नाही आणि कोटाही नाही. मात्र ही सवलत ‘ब्रिटिश’ किंवा ‘युरोपीय’ मालालाच मिळते, आणि सारा गुंता या विशेषणांत आहे.

सीमाशुल्क संघ आणि मुक्त व्यापार करार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सीमाशुल्क संघातल्या देशांचे बाहेरच्या जगासाठीचे शुल्क एकच असते. त्यामुळे नाशिकची द्राक्षे न्हावा शेवा बंदरातून रीफर (थंड ठेवणाऱ्या) कंटेनरने रॉटरडॅमला पोहोचली आणि तिथे एकदा शुल्क भरले गेले, की ती पॅरिसला जावोत वा बर्लिनला, वाटेत त्यांना कोणी काही विचारत नाही. ब्रिटन संघात होता तोवर लंडनलाही हेच लागू होते. मुक्त व्यापार करारात मात्र प्रत्येक देश बाहेरच्यांसाठी आपापले दर ठेवतो. समजा, एखाद्या भारतीय वस्तूवर ब्रिटनने शून्य शुल्क लावले आणि युरोपीय संघाने दहा टक्के. ब्रिटन आणि संघ यांच्यामध्ये कोणीच काही तपासले नाही, तर प्रत्येक व्यापारी माल आधी ब्रिटनमध्ये उतरवून मग फ्रान्सला नेईल आणि संघाचा दहा टक्क्यांचा दर कागदावरच राहील. हे टाळायचे तर सीमेवर प्रत्येक मालाला त्याचे मूळ विचारावेच लागते. म्हणजेच बाहेरचे दर स्वतंत्रपणे ठरवण्याचे स्वातंत्र्य घेतले, की नाका आपोआप उभा राहतो, मग दोघांमधले शुल्क शून्य का असेना. ही कोणाची खोडी नाही, तो त्या रचनेचाच भाग आहे.

‘मूळ’ ठरवणे हे आपल्याला वाटते तितके सोपे नाही. झाडावरचे फळ जिथे पिकले तिथले, हे ठीक; पण हजारो सुट्या भागांची मोटार कुठली म्हणायची? करारानुसार पेट्रोल-डिझेलच्या मोटारीत बाहेरच्या देशांतून आलेल्या घटकांचे मूल्य कारखान्यातील किमतीच्या ४५ टक्क्यांहून अधिक नसावे. ते अधिक भरले, तर संघात शिरताना १० टक्के शुल्क लागते. विजेवरच्या मोटारींच्या बॅटऱ्या प्रामुख्याने आशियातून येत असल्यामुळे त्यांना २०२६ अखेरपर्यंत ६० टक्क्यांची सैल मर्यादा दिलेली आहे.

मला सर्वांत बोलके वाटते ते बासमतीचे उदाहरण. आपल्याकडून युरोपात आणि ब्रिटनमध्ये जाणारा बासमती पुष्कळदा तूस काढलेला, पण पॉलिश न केलेला, हातसडीच्या तांदळासारखा तपकिरी असतो, कारण ठरावीक वाणांच्या अशा तांदळावर तिथे शुल्क नाही. पुढे ब्रिटनमधल्या गिरण्या तो पॉलिश करून, पिशव्यांत भरून विकतात. त्यातल्याच काही पिशव्या फ्रान्सला निघाल्या, तर कराराचा नियम असा आहे, की तांदूळ पॉलिश करणे, निवडणे, पिशव्यांत भरणे या क्रियांनी मालाचे मूळ बदलत नाही. सोलणे आणि टरफल काढणेही त्याच यादीत आहे. म्हणजे गिरणी ब्रिटिश, कामगार ब्रिटिश, पिशवीवरचे नाव ब्रिटिश, पण तांदूळ भारतीयच. आणि पॉलिश केलेल्या तांदळाला संघात तपकिरी तांदळाची माफी नाही, म्हणून शुल्क भरावे लागते. २०२१ पूर्वी हा प्रश्नच नव्हता, कारण गिरणी आणि गिऱ्हाईक एकाच नाक्याच्या आत होते. आणि जो माल नियमात बसतो, त्यालाही ते सिद्ध करावे लागते. न्हावा शेव्याला काम करणाऱ्या कोणत्याही सीएचएला, म्हणजे सीमाशुल्काची कामे करून देणाऱ्या एजंटला, विचारा: सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (मूळ देशाचा दाखला), फायटो (वनस्पती-आरोग्याचा दाखला) आणि इतर कागद जमवण्याचा खर्च मोठ्या निर्यातदाराला जाणवत नाही, पण आठवड्याला चार खोकी पाठवणाऱ्याचा नफा त्यातच संपतो. असा माणूस तक्रार करत बसत नाही, तो पाठवणे थांबवतो.

या सगळ्याची बेरीज किती? ब्रिटनच्या अर्थसंकल्पीय उत्तरदायित्व कार्यालयाचा अंदाज असा आहे, की संघात राहिला असता त्या तुलनेत ब्रिटनची उत्पादकता दीर्घकाळात सुमारे ४ टक्क्यांनी आणि आयात-निर्यात सुमारे १५ टक्क्यांनी कमी राहील. याउलट भारताशी झालेल्या करारामुळे दीर्घकाळात होणारी वाढ ब्रिटिश सरकारच्याच अंदाजानुसार राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.१३ टक्के आहे. मुळात भौतिकशास्त्र शिकलेले डच अर्थतज्ज्ञ यान टिनबर्गेन यांनी १९६२ मध्ये गुरुत्वाकर्षणाच्या धर्तीवर एक समीकरण मांडले होते: दोन देशांतला व्यापार त्यांच्या अर्थव्यवस्थांच्या आकाराबरोबर वाढतो आणि अंतराबरोबर घटतो. शेजारचा मोठा बाजार दूरच्या करारांनी भरून का निघत नाही, हे त्यातून समजते.

इथे दोन्ही बाजूंच्या भविष्यकथनांबद्दल बोलले पाहिजे. बाहेर पडल्यावर आठवड्याला ३५ कोटी पौंड वाचतील, हे प्रचाराच्या बसवर रंगवलेले विधान संघाच्या वर्गणीत ब्रिटनला मिळणारी सूट न वजा करता केलेले होते. दुसरीकडे, कौल बाहेर पडण्याचा लागताच तात्काळ मंदी येईल, हे ब्रिटिश अर्थखात्याने मे २०१६ मध्ये वर्तवलेले भाकीतही खोटे ठरले. नाक्याचे नुकसान कोसळण्याच्या रूपात येत नाही, ते न झालेल्या व्यवहारांच्या रूपात साचत जाते. म्हणूनच ‘काहीच झाले नाही’ असे म्हणणाऱ्यांना पुरावा समोर दिसत नाही.

स्वायत्ततेची बाजूही खरी आहे. मे २०१४ मध्ये फळमाशीच्या कारणावरून युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर बंदी घातली, तेव्हा ब्रिटनमधल्या भारतीयांची मागणी कितीही असली तरी त्या सरकारला ती एकट्याने उठवता आली नाही; वाशीच्या फळबाजारातला निर्यातीचा हापूस लंडनला पुन्हा जाण्यासाठी संघाला जानेवारी २०१५ मध्ये निर्णय बदलावा लागला. आज असा निर्णय ब्रिटन स्वतः घेऊ शकतो. फक्त त्याचे नियम संघाच्या नियमांपासून जितके दूर जातील, तितकी सीमेवरची तपासणी वाढते.

उत्तर आयर्लंडचा प्रश्न याच तर्कातून जन्मला. आयर्लंड प्रजासत्ताक संघात राहिले, तर त्याला लागूनच असलेला उत्तर आयर्लंड ब्रिटनबरोबर बाहेर पडला. दोहोंमधली सुमारे ५०० किलोमीटरची सीमा १९९८ च्या शांतता करारानंतर डोळ्यांना दिसेनाशी झाली होती. नाका तर कुठेतरी हवाच होता. तो या सीमेवर उभारला तर शांतता धोक्यात येते, उत्तर आयर्लंड आणि उरलेल्या ब्रिटनमधल्या समुद्रात उभारला तर ब्रिटनचेच दोन भाग पडतात आणि कुठेच नको असेल तर सगळ्या ब्रिटनला सीमाशुल्क संघात राहावे लागते. तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी गरज पडल्यास तिसरा मार्ग धरण्याची तरतूद केली आणि जानेवारी २०१९ मध्ये संसदेने त्यांचा करार ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला. त्यांच्यानंतरचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी दुसरा मार्ग घेतला, आणि त्याच्या निषेधार्थ उत्तर आयर्लंडमधल्या डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाने बहिष्कार टाकल्यामुळे तिथली राजधानी बेलफास्टला फेब्रुवारी २०२२ पासून फेब्रुवारी २०२४ पर्यंत पूर्ण सरकार नव्हते. मधल्या काळात, फेब्रुवारी २०२३ मध्ये, ब्रिटन आणि संघ यांच्यात ठरलेल्या विंडसर आराखड्याने उत्तर आयर्लंडमध्येच राहणाऱ्या मालासाठी वेगळी सोपी मार्गिका दिली. समुद्रातला नाका त्याने सुसह्य केला, हटवला नाही.

१९ मे २०२५ रोजी लंडनला झालेल्या शिखर परिषदेत ब्रिटनने संघाच्या अन्न आणि वनस्पती-आरोग्य नियमांशी सतत जुळवून घेत राहण्याच्या तयारीने नव्या करारासाठी वाटाघाटी करण्याचे मान्य केले, म्हणजे या एका क्षेत्रात इतरांनी ठरवलेले नियम पाळण्याचे कबूल केले. असा करार अमलात आला तर फायटोसारखे बरेच कागद कमी होतील. पॉलिश केलेल्या बासमतीच्या पिशवीला मात्र तिचे मूळ तरीही विचारले जाईल, कारण तो प्रश्न सीमाशुल्क संघाचा आहे, आणि त्या संघात परत जाणार नाही, असे सध्याच्या सत्ताधारी मजूर पक्षाने २०२४ च्या निवडणुकीच्या जाहीरनाम्यातच लिहून ठेवले आहे.